झाकणवाले नाना

पेटलेल्या आगीवर झाकण ठेवणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमच्या शेजारच्याच घरात राहतो.

हिवाळ्यात आमच्या कॉलनीची भरीत पार्टी असते. जळगावात राहून ज्यानं थंडीत शेतात बसून भरीत खाल्लं नाही त्यानं आपलं रेशनकार्ड परत करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नशिराबादच्या अलीकडे पाटील आबांचं शेत आहे, तिथे आम्ही जातो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवायचा, त्यात हिरवट पांढरी भरताची वांगी टाकायची, साल काळीठिक्कर झाली की सोलायची, ठेचायची, वरून मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत गरम पुऱ्या. आग माझ्या ताब्यात असते. इतर बायका पुऱ्या लाटतात, पुरुष सूचना करतात.

नाना कॉलनीत राहायला आले त्या वर्षी काखेत एक लोखंडी झाकण घेऊन पार्टीला हजर झाले. ड्रमचं असतं तसं गोल, जड झाकण. मला वाटलं, बसायला आणलं असेल. म्हातारा माणूस, जमिनीवर गार लागत असेल. वांगी एका अंगानं भाजली होती नव्हती, तोच नाना उठले आणि त्यांनी ते झाकण सरळ आगीच्या एका बाजूवर पालथं घातलं. कॉलनीत कोणी माझ्या आगीला चिमटासुद्धा लावत नाही.

"नाना, हे काय?"

"राख होतेय, वहिनी."

"आग आहे. राखच होणार."

"राख म्हणजे वाया," नाना शांतपणे म्हणाले. "कोळसा म्हणजे कामाला. हवा बंद केली की काडीचा कोळसा होतो."

त्या वर्षी अर्धी वांगी कच्ची राहिली आणि नाना गोणीभर कोळसा घेऊन घरी गेले. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं झाकणवाले नाना.

खरं नाव पुंडलिक. वय पंचाहत्तरीच्या आसपास, अंगकाठी शिडशिडीत, सदरा-पायजमा पांढराशुभ्र आणि त्यावर दहाही बोटांचे काळे ठसे. बायको केव्हाच गेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. धुळ्याला त्यांचा प्लेटिंगचा कारखाना होता. सायकलींचे हँडल, पलंगांचे पाय असलं सगळं क्रोम चढवून चकचकीत करायचे. तो बंद केला आणि इथे आले. एवढंच आम्हाला माहीत. माझ्यासारख्या बाईला एवढंच माहीत असणं म्हणजे किती त्रास, हे तुम्ही समजून घ्या.

कोणाच्या घरी गेले की नाना आधी पाणी मागतात आणि पीत नाहीत. पेला खिडकीकडे धरतात, एक डोळा मिटतात, वास घेतात, मग मान हलवून खाली ठेवतात. घरच्या बाईला वाटतं, आपलं पिंप घासलेलं नाही हे यांना दिसलं. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "रंगावर जाऊ नका." चहा फिका झाला का हो, विचारलं की, "रंगावर जाऊ नका." आमच्या समोरच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा शेजारी म्हणून नानांना बोलावलं. बोलणी छान चालली होती. नाना मध्येच मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे, रंगावर जाऊ नका." मुलाच्या आईनं हातातला चिवडा खाली ठेवला. तोपर्यंत मुलाच्या रंगाचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नव्हता.

ते लग्न पुढे कसंबसं जमलं. मांडवाच्या दारात दोन्ही बाजूंना केळीची झाडं बांधली होती. नवरदेव घोड्यावरून उतरतोय, बँड वाजतोय, आणि डावीकडची केळ हलायला लागली. मी जवळ जाऊन बघते तर नाना सुतळी सोडत होते.

"अहो नाना, वरात दारात आहे."

"नंतर लोक तुडवतात, वहिनी. खोड खराब होतं."

त्यांच्या गच्चीवर केळीच्या खोडांचे काप वाळत असतात. मागच्या अंगणात झाकणाचा ड्रम दिवसभर धुमसतो. माझे वाळत घातलेले कपडे धुराचा वास लागून घरात येतात. एकदा माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी कुंपणावरून विचारलं, की हे शिजवता तरी काय? नानांनी एक काळा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "ह्याला आतून बारीक बारीक लाखो खोल्या असतात, वहिनी. पाण्यात क्रोम, शिसं असलं काही विष असलं, की ते ह्या खोल्यांत भाडेकरू म्हणून शिरतं आणि मग निघायचं नाव घेत नाही."

"आमच्या वरच्या मजल्यासारखं," मी म्हटलं.

"तसंच. म्हणून घर जपून ठेवायचं. फोडायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कानामागे टाकलं.

आणखी एक. नानांच्या पुढच्या खिडकीत लाल पाण्याच्या बाटल्यांची ओळ आहे. आपल्याकडे कुत्री दारात घाण करू नयेत म्हणून लोक लाल पाण्याची बाटली फाटकाला अडकवतात, तसलीच. मी म्हटलं, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं ओळ लावली आहे म्हणजे उपयोग होत असणार. मीही बाटलीत कुंकू कालवून फाटकाला बांधली. नानांनी ती पाहिली आणि मान खाली घालून आत गेले. कुत्रं माझ्या बाटलीखालीच झोपायला लागलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते, जिच्यामुळे माझी झोप उडाली.

पार्टी रविवारी होती. नाना दर शनिवारी कोळशाची गोणी घेऊन एसटीनं धुळ्याला जातात आणि रविवारी परततात. कशासाठी, ते कोणाला सांगत नसत. त्या दिवशी ते धुळ्याहून येणाऱ्या भुसावळ गाडीनं थेट फाट्यावर उतरले, गोणी निंबाखाली टेकवली, झाकण आबांच्या खळ्यात ठेवलेलंच होतं ते आणून नेहमीप्रमाणे माझ्या आगीवर घातलं आणि हातपाय धुवायला लांब हौदावर गेले. आग विझत आली. वांगी आतून कच्ची. काड्या संपलेल्या. पोरं भुकेनं रडतात, आमचे हे "अजून किती वेळ?" म्हणून तिसऱ्यांदा विचारतात. माझं लक्ष गोणीकडे गेलं. आत छान काळाभोर कोळसा. मी मनात म्हटलं, वर्षानुवर्षं आमचा कोळसा नेलात, आज परत करा. आणि अख्खी गोणी वांग्यांवर ओतली. फुंकर घातली. मस्त फुलला.

नाना ओले हात झटकत आले. निंबाखाली बघितलं.

"वहिनी, गोणी?"

"वांग्यांखाली," मी म्हटलं. थोडी ठसक्यातच.

मी नानांना कधी आवाज चढवताना ऐकलेलं नाही. ते ओरडले, "लांब व्हा सगळे. धुरात उभं राहू नका." आणि हा देवमाणूस, जो मुंगी चुकवून पाय टाकतो, तो धावत आला आणि त्यानं आगीत लाथ घातली. एक नाही, चार-पाच. वांगी, निखारे, सगळं शेतात उधळलं. मग हातानं माती ओढून ओढून निखाऱ्यांवर टाकली, एकूण एक वांगं मातीत गाडलं. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. कोणीतरी म्हणालं, "नानांचं डोकं फिरलं." आबा म्हणाले, "अरे त्याना पाय दखा," तेव्हा दिसलं की रबरी चप्पल वितळून पायाला चिकटली होती.

त्या दिवशी आम्ही पुऱ्या लोणच्याशी खाल्ल्या. सगळ्यांच्या मते चूक नानांची होती. माझ्या मते तर होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायला गेले. नाना पलंगावर, पाय बँडेजमध्ये. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "पोरांना खोकला वगैरे नाही ना? कोणी वांगं चाखलं नव्हतं ना?"

"नाही. पण का?"

"तो कोळसा वापरून वाळवलेला होता. आठवडाभर त्यानं पाण्यातला क्रोम धरून ठेवला होता. तो बंद डब्यात भरून ठेवतो मी, विषारी कचरा नेणाऱ्या गाडीला देतो. जाळला की कोंडलेलं पुन्हा सुटतं. ते तुम्ही वांग्यांना चोळत होतात."

अख्ख्या कॉलनीची पोरंबाळं तिथे होती. मी भांडण विसरून खुर्ची ओढून बसले.

"चूक माझी," नाना म्हणाले. "थेट घरी यायला हवं होतं. भरताचा मोह झाला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मोठी बहीण, अक्का, लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली. नानांनी तिला धुळ्याला आणलं, कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून घर बांधून दिलं आणि पहिल्या कमाईतून अंगणात विहीर खणून दिली. "गोड पाणी लागलं, वहिनी. अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, भावाच्या विहिरीचं पाणी पिऊन जा." कारखान्याचं धुवण मात्र मागच्या शोषखड्ड्यात जात होतं. तेव्हा सगळ्यांचंच जायचं. काही वर्षांनी विहिरीचं पाणी पिवळं दिसायला लागलं. लोक नानांना सांगत होते, आणि नाना त्यांना सांगत होते, जमिनीचा रंग उतरला असेल, रंगावर जाऊ नका.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

अक्काच्या हातांना जखमा झाल्या. भरेनात. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं वापरता? त्या दिवशी नानांनी कारखान्याला कुलूप लावलं. पण त्या दिवाळीला भाऊबीजेला गेले, तर अक्का पाटावर ताट ठेवून म्हणाली, "पहिले मना विहिरनं पानी दे. मंग ओवाळसू." तेव्हापासून तिनं ओवाळलेलं नाही. प्यायला ती नळाचं पाणी घेते. भावाचा फोनही उचलत नाही.

"विहीर काही साफ होत नाही, वहिनी. पण कोळशाच्या ड्रममधून काढली तर बादली होते. तेवढं करतो. दर आठवड्याला कोळसा बदलतो आणि ड्रमखालच्या पाण्याची बाटली तपासायला आणतो." त्यांनी पायाकडे बघितलं. "ह्या शनिवारी जमणार नाही. ती वाट बघत बसेल. तुम्ही जाल का?"

आदल्या दिवशी ज्या बाईनं त्यांचा पाय भाजला तिनं नाही कसं म्हणायचं? शनिवारी मी गोणी घेऊन एसटीत बसले. एरंडोल, पारोळा मागे पडलं तशी माझी अक्काला चार शब्द सुनवायची तयारी पक्की होत गेली. म्हातारपणी भावाला इतकं तंगवतात का? एक ओवाळणी काय ती.

अक्काचं घर लहानसं, सारवलेलं अंगण, एका कोपऱ्यात विहीर, शेजारी निळा ड्रम. दार उघडंच होतं. मी हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघरात डोकावले. ऐंशीच्या पुढची एक वाळकी म्हातारी, पाठ माझ्याकडे, ओट्यावर वाटीत हळद कालवत होती. मला वाटलं, भाजीला असेल. तिनं ते हळदीचं पाणी लुगड्याच्या पदरातून सावकाश गाळलं. पुन्हा गाळलं. मग पाण्यानं भरलेल्या काचेच्या बाटलीत त्याचे थोडे थेंब टाकून बाटली उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. अगदी नानांसारखा.

बाटलीवर नानांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. अक्का, विहीर.

माझ्या हातातली गोणी धपकन खाली पडली. म्हातारीनं वळून पाहिलं. तिची बोटं पिवळी, त्यांवर जुन्या जखमांचे पांढरे वण.

"पुंडलिक कोठे शे?" तिनं माझ्यामागे दाराकडे बघत विचारलं. "काय झायं त्याले?"

पाय भाजलाय, बाकी ठीक आहे, असं सांगितलं तेव्हा ती खाली बसली. मी आणलेले चार शब्द कुठच्या कुठे गेले. मी एवढंच विचारलं, "अक्का, पाणी साफ झालंय?"

"दिवाळीनं पहिलेच व्हयी गयं."

"मग हे काय?"

अक्कानं बाटलीचं बूच घट्ट लावलं. मागच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "त्याना कारखाना आठेच व्हता, माय. भीतले भीत. तवय कधी चहाले उना नही. कामच काम. आते दर आठवडाले येस. जेवस. ओटावर बसस, आईबापना गोष्टी करस." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी साफ व्हयी गयं, ते मंग तो कसाले येई?"

तिनं माझा हात धरून शपथ घातली, की त्याला सांगायचं नाही. येताना तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला. "मना भाऊनी विहिरनं शे," म्हणाली. मी क्षणभर घाबरले, खोटं कशाला सांगू. मग प्यायले. गोड होतं.

परतीच्या प्रवासात वापरलेल्या कोळशाची गोणी पायाशी, बाटली मांडीवर आणि गुपित पोटात. माझ्या पोटात गुपित म्हणजे काय, ते आमच्या यांना विचारा. घरी न जाता मी थेट नानांकडे गेले आणि ते काही विचारायच्या आत सुरू झाले, "पिवळं आहे हो नाना. फारच पिवळं आहे. मला तर वाटतं गेल्या खेपेपेक्षा जास्तच. अजून वर्ष-दोन वर्षं तरी लागतील बघा."

नानांनी बाटली खिडकीकडे धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही."

त्यांनी थोडं पाणी पेल्यात ओतलं, औषधाचे थेंब टाकले. "क्रोम असेल तर जांभळं होतं." पाणी होतं तसंच राहिलं. मग त्यांनी उशाजवळची चुन्याची डबी उघडली. नाना तंबाखू खात नाहीत. चिमूटभर चुना बाटलीत टाकला आणि बाटली हलवली. पाणी लालभडक झालं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे कोणत्या बाईला सांगावं लागतं?

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"ह्या दिवाळीपासून. पहिल्या बाटलीत हळद तळाला बसली होती. मग ती गाळायला शिकली. आता दोनदा गाळते." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "डोळ्यांनी नीट दिसत नाही तिला. तरी दोनदा गाळते."

"मग सांगा ना तिला. पाणी साफ आहे, आता ओवाळ. इतकी वर्षं त्यासाठीच झुरलात ना?"

"रागावलेलं माणूस हळद गाळत बसत नाही, वहिनी. माझं ओवाळून झालं." त्यांनी चुन्याची डबी बंद केली. "आणि पाणी साफ आहे असं मी कबूल केलं, तर मग मी तरी शनिवारी कुठे जाऊ?"

ते लंगडत उठले आणि लाल बाटली खिडकीत, ओळीच्या शेवटी ठेवली. मी त्या ओळीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पलीकडच्या जुन्या बाटल्या विटकरी पडल्या होत्या, अलीकडची अजून ताजी लाल होती. प्रत्येकीवर तीच चिठ्ठी. अक्का, विहीर. आणि मी शहाणी ती बघून कुत्र्यासाठी बाटली बांधून बसले होते.

घरी आले, फाटकाची बाटली सोडली आणि आत जाऊन पदर तोंडाला लावून रडले. यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, नानांचा धूर डोळ्यांत गेला.

यंदाच्या पार्टीला आगीवर झाकण मी घातलं. वांगी कच्ची राहिली म्हणून लोक कुरकुरले. मी म्हटलं, गुपचूप खा, शनिवारच्या आत नानांची गोणी भरली पाहिजे.